जाळ्याबाहेरचा ठिपका

त्या वर्षी लग्नाच्या बैठकीत एक नवाच प्रश्न घुसला होता. पत्रिका, पगार, शेत, सगळं विचारून झालं, पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या, की मुलीकडचा एखादा मामा चष्मा पुसत हळूच विचारायचा, "बाकी सगळं उत्तम आहे. मुलगा पूल नाही ना?"

पूल म्हणजे काय, हे तोवर शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं. साथरोग कक्षाकडे एक यंत्रणा होती. कागदोपत्री तिचं नाव भारदस्त होतं, पण सगळे तिला जाळं म्हणायचे. त्या जाळ्यात प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. दोन माणसं हातभर अंतरावर थोडा वेळ थांबली की त्यांचे फोन एकमेकांना ओळखायचे आणि दोन ठिपक्यांमध्ये एक रेघ उमटायची. साऱ्या तालुक्याचं उठणं-बसणं असं पडद्यावर विणलं जायचं.

रोग गर्दीमुळे पसरतो असं आपण समजतो, पण ते अर्धंच खरं आहे. माणसं घोळक्याने राहतात: गल्ली, भावकी, तालीम, कारखान्यातली पाळी. रोग एकाच घोळक्यात फिरत राहिला तर लवकर दमतो, कारण ज्यांना व्हायचा त्यांना होऊन गेलेला असतो. त्याला खरी वाट मिळते ती एका घोळक्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या मोजक्या माणसांमुळे. तेच पूल. त्यांना वेळेवर घरी बसवलं तर अख्खं गाव बंद करावं लागत नाही. आधीच्या एका साथीत मूठभर माणसं घरी बसवून तालुका वाचला होता, आणि तेव्हापासून जाळ्याचा शब्द म्हणजे देवाचा कौल झाला होता. फरक इतकाच, की देवाला नवस बोलता यायचा.

तालुक्याच्या गावी हा कक्ष गुरांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर थाटला होता. खाली म्हशी हंबरायच्या आणि वर माणसांचे ठिपके हलायचे. केतकी माने तिथे जाळं वाचायचं काम करायची. पुण्यात शिकून परत आलेली, तिशीची, मोजकं बोलणारी. पहिल्या पुलाला घरी बसवायचा आदेश काढताना तिचा हात थांबला होता. ती एक कासारीण होती, घरोघर बांगड्या भरत फिरल्याशिवाय तिला करमायचं नाही. आता केतकी चहाचे घोट घेता घेता आदेश काढायची. कुणी फोनवर शिव्या घालायचं, कुणी रडायचं. ती सगळं ऐकून घ्यायची आणि "नोंद केली" म्हणायची. आपल्याला हल्ली वाईट वाटत नाही हे तिच्या ध्यानात आलं होतं, आणि त्याचंही तिला फारसं वाईट वाटलं नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर तालुक्यात एक नवा ताप आला. लोकांनी त्याला बोबडा ताप म्हटलं. अंग तापायच्या आधी घसा आणि जीभ सुजायची, आणि चांगला धडधाकट माणूस पोरासारखं बोबडं बोलू लागायचा. दहातला एक वाचायचा नाही. मग नियम निघाला, की प्रत्येकाने सकाळी उठून फोनपुढे एक वाक्य म्हणून दाखवायचं: "राघूने रानात रायवळ आंबा फोडला." जीभ जड झाली असेल तर फोनला ते आधी कळायचं. सकाळी दूधवाल्याच्या आरोळीआधी गल्लीगल्लीतून राघू ऐकू यायला लागला. पेठेतले एक गृहस्थ मुळातच बोबडे होते, त्यांना नेण्यासाठी गाडी चार वेळा आली.

हसण्यासारखं एवढंच होतं. कारण या वेळी जाळं चुकत होतं.

"केतकी, हे बघ जरा," डॉक्टर नसीमा शिकलगार म्हणाल्या. त्या कक्षाच्या प्रमुख होत्या. साठीला टेकलेल्या, करड्या केसांचा अंबाडा, आणि जिभेवर साखर-तिखट दोन्ही. "बँक कॉलनीत ताप, कुंभारवाड्यात ताप, नदीपलीकडे गलाईवाल्यांच्या वस्तीत ताप. या तिघांत एक तरी रेघ आहे का?"

नव्हती. कॉलनीतली माणसं कुंभारवाड्यात पाऊल टाकत नसत. गलाईवाले म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, घरटी एक माणूस सेलमला नाहीतर कानपूरला, आणि वस्तीत राहिलेली म्हातारी माणसं सहसा नदी ओलांडत नसत. तरी रोग तीन ठिकाणी गेला होता.

"कुणीतरी आहे, आपल्याला दिसत नाही," केतकी म्हणाली.

अशा वेळी जाळ्याला उलटा प्रश्न विचारता येतो. रस्त्यातला खड्डा दिसत नसला, तरी सगळ्या गाड्या एकाच जागी वळसा घेत असतील तर तिथे खड्डा आहे हे कळतं. तसंच इथे: कोण कधी आजारी पडलं ते सांगायचं, आणि विचारायचं, की हे असं व्हायला मध्ये कसला ठिपका असावा लागेल? जाळं बराच वेळ विचार करत राहिलं आणि मग त्याने त्या न दिसणाऱ्या माणसाचं वर्णन दिलं. एकच माणूस. पायी किंवा सायकलवर फिरणारा. जवळ फोन नाही. कुठल्याही जातीच्या, कुठल्याही ऐपतीच्या घरात सरळ आत जातो, दोन-तीन तास थांबतो, आणि सहसा त्या घरी पुन्हा जात नाही.

"फोन नाही, जातपात नाही, परत येणं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बाई, हे भूतच म्हणायचं."

केतकीने त्या घरांची नावं पुढे घेतली आणि तो माणूस यायच्या आधी तिथे काय घडलं होतं ते पाहिलं. प्रत्येक घरात कुणीतरी गेलं होतं. कुणी तापाने, कुणी हृदयविकाराने, कुणी नुसतं वय झालं म्हणून. तिने पडदा मिटला.

"डोकं दुखतंय. घरी जाऊन जेवून येते," ती म्हणाली.

घरी अण्णा परसात दगडावर बसून अंगावर पाणी घेत होते. केरबा माने, म्हणजे तिचे अण्णा, पाटबंधारे खात्यातून पंपचालक म्हणून निवृत्त झालेले. पण गावात कुणाला ते पंपामुळे माहीत नव्हते. गावात कुणी वारलं की अण्णांना निरोप जायचा आणि ते सायकल काढायचे. तिरडी बांधावी तर अण्णांनी. बांबू सरळ, कामट्या सारख्या अंतरावर, आणि गाठी अशा, की खांदेकऱ्यांची उंची कमी-जास्त असली तरी माणूस इकडचा तिकडे व्हायचा नाही. एक पैसा घ्यायचे नाहीत. चहासुद्धा नाही.

केतकी शाळेत असताना मोठी साथ आली होती, त्यात तिची आई गेली. तेव्हा घरच्यांना जवळ येऊ दिलं नव्हतं. अण्णांनी लांबून एक बंद पिशवी गाडीत चढताना पाहिली, तेवढंच. त्यानंतर गावातली एकही माती त्यांनी चुकवली नाही. मातीला जाताना फोन घरी ठेवायचा, हा त्यांचा शिरस्ता. एकट्या त्यांचाच नव्हे, सगळ्या गावाचा. मयताच्या घरी खिशात फोन वाजलेला बरा दिसत नाही. म्हणजे साऱ्या तालुक्याच्या रेघा टिपणाऱ्या जाळ्याला प्रेतयात्रा तेवढी दिसत नव्हती. आणि अण्णा तर केतकीला दिसणंच शक्य नव्हतं. कक्षातल्या लोकांनी घरच्यांना झुकतं माप देऊ नये म्हणून त्यांची कुटुंबं त्यांच्या पडद्यावरून पुसलेली असत.

"टॉवेल टाक गं खुंटीला," अण्णा म्हणाले. "जवळ येऊ नगं, अजून अंग धुवायचंय."

मातीवरून आलेल्या माणसाला अंघोळीआधी शिवायचं नसतं. केतकीने टॉवेल टाकला. कोनाड्यात अण्णांचा फोन वाजत होता, आणि कुंपणाबाहेर सायकलच्या दांडीला सुंभाचा गुंडा लटकत होता. तिची नजर त्यावर गेली.

"अण्णा, हे सुंभ कुठनं आणलं?"

"पेठेतनंच. खरं आता तापापायी दुकानं बंद हाईत. हा एकच गुंडा ऱ्हायलाय, पुरवून पुरवून वापरतूय."

"उरलेलं तिथंच टाकायचं असतं ना?"

"असतंय," अण्णा तांब्या खाली ठेवत म्हणाले. "मेल्या माणसाचं उरलेलं घरला आणू न्हाई, आमच्या आईनं पण सांगितलंय. म्हणून तर भाईर टांगलंय. खरं पुढच्याला कशानं बांधू? माझ्या धोतरानं?"

केतकीने हातमोजे घातले, गुंडा प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि कक्षात नेला. तपासणीत जे निघायचं तेच निघालं. काथ्याच्या खरखरीत धाग्यांत तो विषाणू मजेत होता, कितीतरी दिवस तिथे जगू शकत होता. अण्णांना ताप नव्हता. ते अंग धूत होते, कपडे धूत होते. सुंभ कोण धुतं?

कुंभारवाड्यातला म्हातारा झोपेतच गेला होता, नव्वदीत, तृप्त होऊन. त्याला बांधायला अण्णा कॉलनीत तापाने गेलेल्या माणसाचं उरलेलं सुंभ घेऊन गेले. सुंभाचा गुंडा हातात द्यायला, दिवा सरकवायला त्याची सून पुढे होती. आठवड्याभरात ती सून गेली. तिला बांधायलाही अण्णाच गेले होते.

केतकीने त्यांना जेवताना सांगितलं. दुसरी वेळ शोधूनही सापडली नसती.

अण्णांनी घास ताटात ठेवला. "म्हंजे कुंभाराच्या सुनंला माझ्यामुळं झालं."

"तसं एका माणसावर बोट ठेवता येत नाही, अण्णा. शक्यता असतात."

"मी इचारलं काय, तू सांगतीस काय."

अण्णांनी ताटाला नमस्कार केला आणि उठले. त्यानंतर दोन दिवस ते ओट्यावर बसून होते, निरोप आले तरी उठले नाहीत. केतकीला त्यांच्याजवळ जाऊन बसावं असं वाटलं नाही. काय वाटतंय हेच तिला कळत नव्हतं. ती कामाला गेली आणि तिने त्या न दिसणाऱ्या ठिपक्याला वडिलांचं नाव दिलं.

नियमाप्रमाणे पुढचं सोपं होतं. पूल सापडला, पूल बंद. तिने अण्णांचा ठिपका खोडून जाळ्याला पुढचे तीन महिने दाखवायला सांगितले. मरणाऱ्यांचा आकडा खाली यायला हवा होता. तो वर गेला.

तिने पुन्हा पाहिलं. पुन्हा वरच. मग तिला त्यामागचं कारण दिसलं. अण्णा घरी बसले म्हणून माणसं मरायची थांबणार नव्हती. जिल्ह्याची मयताची गाडी होती, पण ती आली की पिशवीत घालून माणूस न्यायची. हे लोकांना नको होतं, म्हणून ते मरण लपवायला लागले होते. पहाटे रानात नेऊन चार जण मिळून कशीतरी माती उरकायचे. अण्णांचा एक ठिपका खोडला की त्या जागी गल्लीगल्लीत चार-चार नवे ठिपके उगवत होते, सगळे अडाणी हाताचे, सगळे घरी परत जाणारे. एक पूल पाडून जाळं पन्नास साकव बांधत होतं.

मग तिने दुसरा हिशेब मांडला. अण्णा काम करतील. प्रत्येक वेळी नवं सुंभ, अंगभर पोशाख, आणि गावातल्या प्रत्येक मयताला फक्त तेच हात लावतील. अण्णा येणार म्हटल्यावर लोक मरण लपवणार नाहीत. मात्र जिवंत माणसाशी त्यांची एकही रेघ राहणार नाही. घर नाही, ओटा नाही, चहाची टपरी नाही. नदीकाठच्या स्मशानातल्या खोलीत राहायचं. आकडा झपकन खाली आला, इतका खाली तो आजवर कुठल्याच हिशेबात आला नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात त्या ठिपक्यापुरता वेगळा आकडा होता. अण्णांना ताप होण्याची शक्यता, दहात सात. त्यांच्या वयात ताप झालेल्यांपैकी निम्मे जात होते.

डॉक्टर शिकलगारांनी दोन्ही हिशेब वाचले आणि खिडकीतून खाली बांधलेल्या म्हशींकडे बघत राहिल्या.

"मला दाखवायच्या आधी तुला हे पुसता आलं असतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"का नाही पुसलंस?"

"आकडा खरा आहे, मॅडम."

"तो खरा आहे हे मला दिसतंय. मी तुला विचारतेय."

केतकीने पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. डॉक्टर म्हणाल्या, "आदेश मी काढते. तू यात नको." पण सांगायला केतकीच गेली.

अण्णांनी ओट्यावर बसून सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे काम तेच. फकस्त घरला यायचं न्हाई."

"हो."

"कवापतुर?"

"साथ सरेपर्यंत."

"आनि मला झाला तर?"

तिने आकडा सांगितला. दुसऱ्या कुणाला सांगावा तसा सांगितला. आवाज हलला नाही, आणि तो हलत नाही याची तिला भीती वाटली. अण्णांनी नाही म्हणावं, एवढंच त्या क्षणी तिला हवं होतं. ते नाही म्हणाले असते तर तिने डॉक्टरांना सांगितलं असतं, की आमचे अण्णा तयार नाहीत, आणि विषय संपला असता.

"आनि बाकीच्यांची शक्यता कमी हुतीया न्हवं?"

"हो, अण्णा."

"मग इचारतीयास कशाला," अण्णा म्हणाले, आणि आपल्या दोन कपड्यांची घडी घालायला आत गेले.

आदेश यंत्रात भरायलाही केतकीच बसली, आणि एक अडचण आली. संबंधित माणसाच्या सगळ्या रेघा तोडायच्या होत्या. सगळ्यांत जाड रेघ घरच्या माणसाशी असते, पण केतकीचं घर तिच्या पडद्यावरून पुसलेलं होतं, त्यामुळे तोडायला तिथे काहीच नव्हतं. जे नाही ते तोडता येत नाही म्हणून यंत्र पुढे सरकेना. शेवटी डॉक्टरांनी सही करून तिच्या घरावरचा पडदा उठवला. केतकीने आधी स्वतःच्या ठिपक्यापासून अण्णांच्या ठिपक्यापर्यंत एक रेघ काढली. नातं काय, असं यंत्राने विचारलं. तिने मुलगी असं लिहिलं. मग ती रेघ खोडली.

त्यानंतर ती अण्णांना पडद्यावरच भेटू लागली. त्यांच्या मनगटाला एक पट्टा बांधला होता. त्यावरून ते कुठे आहेत आणि अंग किती तापलंय ते कळायचं. जेवणाचा डबा बिनचालकाची गाडी स्मशानाच्या भिंतीवर ठेवून यायची. निरोप आला की अण्णा पांढरा पोशाख चढवून निघायचे. घरची माणसं अंगणाबाहेर लांब उभी राहायची, अण्णा एकटे आत जायचे, एकटे बांधायचे. खांद्याऐवजी चाकांची गाडी होती, पण तिच्यावर तिरडी असायची, पिशवी नव्हती. लोकांना तेवढं पुरत होतं. मरणं लपायची थांबली. जाळ्याला सगळं पुन्हा दिसायला लागलं, आणि हिशेबात जसा आकडा उतरला होता तसाच तो गावात उतरत गेला.

सकाळी अण्णा फोन करायचे. सुरुवातीला ती विचारायची, जेवलात का, झोप लागते का. पुढे पुढे ती आधी पट्ट्यावरचा आकडा बघायची आणि म्हणायची, "वाक्य म्हणा." अण्णा राघूचं वाक्य म्हणायचे. "ठीक आहे," म्हणून ती फोन ठेवायची. रोज बारा-पंधरा माणसांकडून ती हेच ऐकायची, त्यांतलेच एक अण्णा. एकदा ते म्हणाले, "केतके, नदीला बगळं लई उतरल्यात गं." ती म्हणाली, "अण्णा, आधी वाक्य."

मग एका सकाळी ते वाक्य आलं. "लाघूने लानात लायवल आंबा फोलला."

केतकीने पट्ट्याचा आकडा पाहिला. ताप चढायला लागला होता. तिने अण्णांच्या ठिपक्यावर बोट ठेवलं, 'बंद' हा पर्याय निवडला, त्यांच्या जागी जिल्ह्याची गाडी लावली, आणि दवाखान्यात एक खाट राखून ठेवली. सगळं बिनचूक, एका दमात. फोन कानालाच होता.

"ऐकलंस न्हवं?" अण्णा जड जिभेने म्हणाले. "आता माज्याकलनं व्हायचं न्हाई. कोपल्यावलचा सुताल गेलाय, त्येला ताटकलत ठिवू नगा."

"नोंद केली," केतकी म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला ऐकू आलं, आपण काय बोललो ते. शेजारच्या खुर्चीतल्या डॉक्टरांनीही ते ऐकलं होतं. त्या उठल्या, केतकीपुढचा चहाचा कप उचलला आणि गरम करून आणायला गेल्या. केतकी रडू येईल म्हणून थांबून राहिली. ते आलं नाही. मग पुढचा फोन वाजला आणि तिने तो घेतला.

अण्णा वाचले. जाळ्याच्या हिशेबात निम्मे वाचत होते, त्या निम्म्यांत ते निघाले. थंडी संपता संपता तालुक्यात तापाचा एकही रोगी उरला नाही. राघूचं वाक्य बंद झालं. कासारीण पुन्हा दारोदार फिरायला लागली, आणि तिने पहिली फेरी मुद्दाम गुरांच्या दवाखान्यावरून मारली, वर बघत.

केतकी अण्णांना आणायला नदीकाठच्या खोलीवर गेली; दवाखान्यातून ते तिथेच परतले होते. ते वाळले होते, दाढी पांढरी झाली होती. सायकल हातात धरून ते तिच्या गाडीमागून चालत आले. फाटकाशी थांबले.

"आत या ना, अण्णा."

"येतो की. पायरीवर पाणी ठीव आधी."

"संपलं आता सगळं. तुमच्यात काही नाही. जाळ्यात शून्य आहे."

"व्हय गं. सवय पडलीया."

तिने पायरीवर तांब्या ठेवला आणि मागे सरकली. तिने पुढे होऊन त्यांचा हात धरायचा होता. गाडीवरून येताना तेवढंच तर तिने ठरवलं होतं. हात वर आला नाही. आपला बाप दारात उभा आहे आणि आपण अंतर मोजतोय हे तिला कळलं. ते अण्णांनाही कळलं असावं. त्या रात्रीपासून ते ओट्यावरच घोंगडी टाकून झोपू लागले, ताट ओट्यावरच घेऊ लागले. गावातली माणसं रस्त्याने जाताना थांबून हात जोडायची, खरंच मनापासून जोडायची, आणि कडेकडेने पुढे जायची. ज्याने सगळ्यांचे मेलेले आपल्या हाताने बांधले, त्याचा तो हात हातात घ्यायला कुणी धजत नव्हतं.

एकदा डॉक्टर शिकलगार पडद्याकडे बघत म्हणाल्या, "केतकी, तुझ्या घरावरचा पडदा परत टाकायचा राहून गेलाय. घरात दोन ठिपके दिसताहेत."

"टाकते."

"टाक. पण आधी बघून घे. महिना झाला, एक रेघ नाही."

केतकीने बघितलं. मग पडदा टाकला.

फाल्गुनात समोरच्या जनाआत्या गेल्या. ताप नाही, काही नाही, चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी दुपारी पडली ती उठली नाही. त्यांच्या मुलाने रस्त्यापलीकडूनच हाक मारली, "अण्णा, येताय न्हवं?" अण्णा लगेच उठले. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर माणसात आल्यासारखं काहीतरी दिसलं.

अंगणात बांबू आडवे टाकलेले होते. माणसं जमली होती, पण अण्णांभोवती मोकळी जागा सोडून. पुरुष भिंतीला टेकून, बायका दारात. अण्णांनी कामट्या लावल्या, सुंभाचा नवा गुंडा उलगडला, पहिला वेढा घेतला. आजारानंतर त्यांच्या बोटांत पूर्वीचा जोर नव्हता. वेढा आवळायला गेले की तो सुटायचा. दुसऱ्या कुणीतरी तो दाबून धरायला हवा होता. त्यांनी वर बघितलं. पहिल्यांदा जनाआत्यांच्या मुलाकडे, मग तालमीतल्या पोरांकडे. जो तो आपल्या पायांकडे बघत होता. अण्णांनी मान खाली घातली आणि वेढा पुन्हा घेतला. तो पुन्हा सुटला.

केतकी बायकांत उभी होती. बायका तिरडीला हात लावत नाहीत. ती अंगण ओलांडून आली आणि बांबूच्या या बाजूला उकिडवी बसली.

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. "हितं बोट ठीव," ते म्हणाले. "दाबून."

तिने सुंभाच्या तिढ्यावर बोट ठेवलं. अण्णांनी वेढा घेतला आणि ओढला. त्यांची बोटं तिच्या बोटांवरून गेली, खरखरीत, कोरडी, गरम. गाठ आवळली आणि तिचं बोट गाठीखाली सापडलं.

"अण्णा, दुखतंय."

"दुखनारच. काढ आता."

तिने काढलं नाही. ते खरंच दुखत होतं, आणि ते दुखणं बोटातून वर येत होतं, मनगटात, खांद्यात, घशात. केतकी त्या बांबूवर ओणवी होऊन मोठ्याने रडली, इतक्या मोठ्याने की भिंतीला टेकलेली माणसं सरळ उभी राहिली. जनाआत्यांची सून दारातून पुढे आली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आत्यांचा लई जीव होता बाई तुझ्यावर."

केतकीने मान हलवली. अण्णांनी तिचं बोट हलकेच गाठीखालून सोडवलं आणि क्षणभर आपल्या मुठीत धरून ठेवलं. मग त्यांनी सुंभ पुढच्या कामटीवर घेतलं.

"आता हितं," ते म्हणाले.

तिने तिथे बोट ठेवलं.